उल्लेख किती आणि ऋण किती

विद्यापीठांतील नेमणुका आणि बढत्या यांसाठी ज्या मुलाखती होतात, त्यांत हल्ली एक प्रश्न हमखास असतो. उमेदवाराने काय शोधून काढले, हा तो प्रश्न नव्हे. त्याच्या शोधनिबंधांचा उल्लेख इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत किती वेळा केला आणि त्या उल्लेखांवरून त्याचा निर्देशांक किती भरतो, हा तो प्रश्न होय. शास्त्रज्ञ मंडळी ज्याला सायटेशन म्हणतात ते हेच. उत्तर एका आकड्यात येते, आकडा रकान्यात बसतो आणि समितीचे काम हलके होते. या हलकेपणाची किंमत कोणाला भरावी लागते, हे पाहावयाचे तर जैवमाहितीशास्त्राइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. प्रथिने, जनुके यांची माहिती संगणकाच्या साहाय्याने साठवावी, ताडून पाहावी आणि तिच्यातून अर्थ काढावा, असे हे शास्त्र. उल्लेखांच्या हिशेबात या शास्त्रातली काही मंडळी आभाळाला टेकली आहेत आणि तितक्याच तोलाची काही त्या हिशेबात जवळजवळ दिसतच नाहीत.

गाणे शिकविणाऱ्याने या विषयात तोंड घालावे याचे कारण एवढेच की, उल्लेखाचा प्रश्न आमच्या विद्येतही जुना आहे. उस्तादाचे नाव उच्चारताना कानाच्या पाळीला हात लावावयाचा, ही रीत म्हणजे तोंडी सायटेशनच आहे. सदारंगाचे नाव चिजेच्या शब्दांतच गुंफलेले असते. आमच्या बडोद्याच्या फैयाज खाँसाहेबांनी आपल्या चिजांत 'प्रेमपिया' ही मुद्रा ठेवली, पं. भातखंडे यांनी 'चतुर' ही ठेवली. कोणाचे घेतले ते सांगावे, हा शिष्टाचार दोन्हीकडे सारखाच. मात्र कोणाचे नाव किती वेळा घेतले गेले ते मोजून बिदागी ठरविण्याची युक्ती आमच्याकडे अद्याप कोणाला सुचलेली नाही.

विज्ञानातही ही मोजणी सुरू झाली ती माणसांची प्रत लावण्यासाठी नव्हे. १९५५ साली युजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक सूचना मांडली. तिकडच्या वकिलांच्या हाताशी १८७३ पासून शेपर्ड यांचा एक कोश होता. एखाद्या निवाड्याचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला, पुढच्या न्यायाधीशांनी तो उचलून धरला की फिरविला, हे त्यात पाहावयास मिळे. तसाच कोश शास्त्रीय वाङ्मयासाठी हवा, असे गारफील्ड यांचे म्हणणे होते. १९६४ पासून तो नियमाने निघू लागला. हाती असलेल्या एका निबंधावरून त्याच्या मागाहून झालेल्या कामाचा माग काढावा, हा त्याचा मूळ उपयोग. ग्रंथालयातल्या वाटाड्याचे ते काम होते. पुढे त्याच वाटाड्याला कोणी परीक्षकाच्या खुर्चीवर नेऊन बसविले.

२००५ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोचे पदार्थवैज्ञानिक होर्हे हर्श यांनी या उल्लेखांवरून प्रत्येक संशोधकाचा एक निर्देशांक काढण्याची रीत सांगितली. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला आणि एकविसाव्या पायरीवर हा नियम टिकला नाही, त्याचा एच-निर्देशांक २०. रीत सुटसुटीत आहे आणि एकाच गाजलेल्या निबंधावर आयुष्यभर जगणाऱ्याला ती आळा घालते, हा तिचा गुण. पण तिच्यातला एक विचित्र प्रकार पाहावा. ज्याने आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि ज्याचा उल्लेख चाळीस हजार वेळा झाला, त्याचा निर्देशांक १. ज्याने वीस बेताचे निबंध लिहिले आणि प्रत्येकाचे वीसच उल्लेख झाले, म्हणजे अवघे चारशे, त्याचा २०.

चाळीस हजार हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकाने तोपर्यंत सर्वांत अधिक उल्लेख झालेल्या शंभर निबंधांची यादी छापली. पहिल्या क्रमांकावर होता ऑलिव्हर लॉरी आणि त्यांचे सहकारी यांचा १९५१ चा, द्रावणातील प्रथिनाचे मोजमाप करण्याची कृती सांगणारा निबंध. त्याचे उल्लेख तीन लाखांवर गेले होते. खुद्द लॉरी यांनाच तो आपला थोर निबंध वाटत नव्हता आणि तसे त्यांनी १९७७ मध्ये लिहूनही ठेवले आहे. डीएनएच्या दुहेरी गोफाचा शोध जाहीर करणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध मात्र त्या शंभरांत नव्हता. आणि जैवमाहितीशास्त्र? ते या यादीत वरच्या ओळींत होते. दहाव्या क्रमांकावर 'क्लस्टल-डब्ल्यू' या संगणक-कार्यक्रमाचा १९९४ चा निबंध, बाराव्यावर 'ब्लास्ट'चा १९९० चा आणि चौदाव्यावर त्याच ब्लास्टच्या सुधारित आवृत्तीचा १९९७ चा. क्लस्टल-डब्ल्यूच्या उल्लेखांची संख्या तेव्हाच चाळीस हजारांच्या पुढे होती.

या क्लस्टलची हकीकत ऐकण्यासारखी आहे. डेस हिगिन्स हे आयर्लंडमधील संशोधक. १९८८ साली डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात पॉल शार्प यांच्याबरोबर त्यांनी क्लस्टलची पहिली आवृत्ती लिहिली, ती टेबलावर मावणाऱ्या साध्या संगणकासाठी. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांची माळ. माणसाच्या पेशीत सायटोक्रोम-सी नावाचे एक प्रथिन असते, त्यात असे १०४ मणी आहेत. चिंपांझीचे सायटोक्रोम-सी मण्याला मणी तेच आहे. ऱ्हिसस माकडाच्या माळेत एका मण्याचा फरक पडतो. घोडा, कोंबडी, मासा असे दूर जावे तसे फरक वाढत जातात. या माळा एकीखाली एक नीट मांडल्या, तर कोणता प्राणी कोणाला किती जवळचा ते कळते आणि कोणते मणी लक्षावधी वर्षांत बदललेच नाहीत, म्हणजे कोणत्या मण्यांवाचून प्रथिनाचे चालतच नाही, तेही कळते.

अडचण अशी की, काही माळांतून मणी गळालेले असतात, काहींत जादा शिरलेले असतात. ग्वाल्हेरची, आग्र्याची आणि आणखी दोन घराण्यांची अशी एकाच चिजेची चार स्वरलेखने एकीखाली एक लिहावयास बसावे, म्हणजे ही अडचण ध्यानात येईल. एकाने मुखड्यातला एक शब्द गाळलेला असतो, दुसऱ्याने दोन मात्रा वाढविलेल्या असतात. मधे अवग्रह घालून जागा सोडावी तेव्हा कोठे समा समाखाली येते. चार ओळींचे काम माणूस हाताने करील. चारशे माळांचे करावयाचे तर शक्य जुळण्यांची संख्या एवढी प्रचंड होते की संगणकही हात टेकतो. क्लस्टलने व्यवहारी तोड काढली. आधी दोन-दोन माळा ताडून कोण कोणाच्या जवळचा ते ठरवावयाचे, त्यावरून एक वंशवृक्ष उभा करावयाचा, मग अगदी जवळच्यांची जुळणी प्रथम आणि दूरच्यांची मागाहून, अशा क्रमाने सारी मांडणी पुरी करावयाची. ही तोड सर्वस्वी नवी नव्हती आणि दर वेळी ती निर्दोष उत्तर देते असेही नाही. पण ती साध्या यंत्रावर चालत होती, कोणालाही वापरता येत होती आणि बहुतेक वेळा उत्तर कामापुरते बरोबर येत होते. १९९४ च्या आवृत्तीत ज्युली थॉम्पसन, हिगिन्स आणि टोबी गिब्सन यांनी तिच्यात महत्त्वाच्या सुधारणा केल्या. त्यानंतर जगात कोठेही प्रथिनांची तुलना झाली, की शेवटी क्लस्टलचा उल्लेख ठरलेला.

मग त्या चाळीस हजारांचा अर्थ काय? क्लस्टल हा दुहेरी गोफाच्या शोधापेक्षा मोठा विचार आहे असा तर खास नव्हे. त्याचा अर्थ, हे हत्यार चाळीस हजार वेळा कोणीतरी हाती घेतले आणि ते प्रामाणिकपणे सांगितले. ही पावती आहे. पावतीवरून देणे घेतल्याचे कळते, मालाची किंमत कळत नाही. मात्र हत्यार करणाऱ्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, उलटच आहे. मिरजेत तंबोरे करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या जवारीवाचून आमची एक मैफल उभी राहत नाही. मैफलीत गवयाचे नाव पुकारतात, तबलजीचे पुकारतात, पेटीवाल्याचे पुकारतात, अलीकडे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांचेही पुकारतात. तंबोरा कोणी केला ते कोणी सांगत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा २०२४ साल उजाडले होते. हिगिन्स यांचे भाग्य एवढेच की त्यांच्या शास्त्रात तंबोरा करणाऱ्याचे नाव छापण्याची चाल आहे.

पण ती चालही अर्धवटच आहे, आणि येथे मार्गारेट डेहॉफ यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९२५ चा, फिलाडेल्फियाचा. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट त्यांनी १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून घेतली आणि त्या कामातली आकडेमोड भोके पाडलेल्या पत्त्यांवर चालणाऱ्या यंत्रांकडून करवून घेतली. पुढे वॉशिंग्टनजवळच्या एका संशोधन संस्थेत बसून त्यांनी जगभर विखुरलेल्या प्रथिन-माळा गोळा करण्यास आरंभ केला. १९६५ साली त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा 'ॲटलास' प्रसिद्ध झाला. त्या वेळी माहीत असलेली ६५ प्रथिने त्यात एकत्र केली होती. प्रत्येक ॲमिनो आम्लाचे लांबलचक नाव संगणकात साठविणे परवडेना, म्हणून त्यांनी वीस आम्लांना एकेक अक्षर देण्याची पद्धत बसविली. फेनिलॲलनिनला उच्चारावरून एफ, अशा युक्त्या त्यात आहेत. १९७८ मध्ये त्यांनी ७१ प्रथिन-गटांतील १,५७२ बदल मोजून, कोणते आम्ल बदलून त्या जागी कोणते येण्याचा संभव किती, याच्या सारण्या तयार केल्या. दोन माळांत साम्य आहे ते नात्याचे की योगायोगाचे, हे ठरविण्यासाठी या शास्त्राला तोपर्यंत असा तराजू मिळाला नव्हता.

या बाईंच्या नावावर उल्लेख नाहीत असे नाही, पुष्कळ आहेत. परंतु हिशेब कसा होतो तो पाहा. १९९० चा ब्लास्ट प्रथिनांची तुलना करी ती डेहॉफ यांच्याच सारणीवर. क्लस्टल-डब्ल्यूमध्येही त्या सारण्या वापरण्याची सोय होती. दोन्ही निबंधांच्या लेखकांनी त्यांचे ऋण नोंदविले. पण ज्या हजारो लोकांनी ब्लास्ट वापरला त्यांनी ब्लास्टचे नाव घेतले, आणि तेथे साखळी तुटली. शिष्याने गुरूचे नाव घेतले, गुरूच्या गुरूचे घेतले नाही, असा हा प्रकार. आणि ती एकाक्षरी पद्धत? आज जगातला प्रत्येक संशोधक प्रथिनाची माळ त्या अक्षरांतच लिहितो. त्यासाठी कोणी डेहॉफ यांचा उल्लेख करीत नाही, करावा असे कोणाला वाटतही नाही. यमन हा कल्याण थाटाचा राग असे आमचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. दहा थाटांची ती मांडणी भातखंड्यांची, हे त्याला सांगावे लागते. पूर्णपणे रुजलेल्या वस्तूला उल्लेख मिळेनासा होतो.

भातखंड्यांशी डेहॉफ यांचे साम्य येथे संपत नाही. पंडितजी पेशाने वकील. १९१६ साली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यास भरली, ती सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि पंडितजींच्या खटपटीने. घराण्याघराण्यांतून जमविलेल्या चिजा त्यांनी क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. 'हे संग्राहक, हे गवई नव्हेत,' हा शेरा त्यांच्यावर तेव्हापासून मारला जातो. डेहॉफ यांनाही अगदी हेच ऐकावे लागले. प्रयोगशाळेत नवी माळ उलगडणारा तो शास्त्रज्ञ, दुसऱ्यांनी उलगडलेल्या माळा जमवून तपासणारी ती कारकून, अशी त्या काळच्या अनेकांची समजूत होती. न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोकांनी दिलेली माहिती एकत्र करून ती विकत द्यावयाची, ही डेहॉफ यांच्या संस्थेची रीत पुष्कळांना खटकत होती. १९८२ मध्ये अमेरिकन सरकारने जनुकांच्या सार्वजनिक कोशाचे काम द्यावयाचे ठरविले, तेव्हा ते त्यांना न मिळता लॉस अलामोसच्या गटाकडे गेले. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, त्या हृदयविकाराने वारल्या.

त्यांचा ॲटलास मात्र वारला नाही. त्याच्यातून १९८४ साली प्रथिनांचा एक संगणकीय कोश उभा राहिला आणि २००२ मध्ये तो युरोपातील दोन संस्थांच्या कोशांबरोबर एकत्र होऊन 'युनिप्रॉट' झाला. २०२१ मध्ये प्रथिनाच्या माळेवरून त्याचा घडीव आकार सांगणारा 'अल्फाफोल्ड' हा कार्यक्रम प्रसिद्ध झाला, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अर्धे डेव्हिड बेकर यांना आणि अर्धे अल्फाफोल्डच्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळाले. अल्फाफोल्ड काम करतो ते नात्यातल्या अनेक माळा एकीखाली एक मांडून. त्या माळा ज्या भांडारांतून येतात त्यांत युनिप्रॉटचे भांडार आहे. त्याने प्रथिनांचे आकार शिकून घेतले ते १९७१ पासून जगभरच्या लोकांनी एका सार्वजनिक कोशात एकेक करून ठेवलेल्या नमुन्यांवर. त्या प्रत्येक नमुन्यामागे कोणाची तरी दोन-चार वर्षे गेलेली आहेत. अल्फाफोल्डच्या निबंधाच्या उल्लेखांचा डोंगर झाला आहे. त्या डोंगरातला एक खडाही या दोन-चार वर्षांच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही.

आता या मोजणीची काळी बाजू. ज्या आकड्यावर नोकरी अवलंबून, तो आकडा वाढविण्याच्या वाटा निघणारच. २०१९ साली 'बायोइन्फर्मॅटिक्स' या या शास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकाच्या संपादकांनी एक प्रकार उघड केला. छापण्यापूर्वी निबंध तपासण्यासाठी ज्यांच्याकडे पाठवीत, त्यांतला एक परीक्षक दर निबंधामागे सरासरी ३५ उल्लेख वाढविण्याची सूचना करी, आणि त्यांतले सुमारे शेकडा ९० त्याच्या स्वतःच्या निबंधांचे असत. संपादकांनी त्याला परीक्षकाच्या कामातून कायमचा दूर केला. संगीताच्या परीक्षेत परीक्षकाने प्रत्येक उमेदवाराला स्वतःच्याच चिजा म्हणावयास लावाव्यात आणि मग आपल्या चिजा सर्वत्र गाइल्या जातात असे मिरवावे, तसे हे झाले. यात सर्वांत वाईट वाटते ते नवख्या लेखकांचे. निबंध छापून यावा म्हणून ते मुकाट्याने उल्लेख घालतात आणि कानाला हात लावण्याच्या रीतीचा दंड होऊन बसतो.

आपल्याकडे हा रोग निराळ्या वाटेने आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या कामगिरीला गुण देण्याची पद्धत आणली. गुणांसाठी निबंध हवे झाले, निबंधांसाठी नियतकालिके हवी झाली, आणि पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिकेही हजर झाली. त्यांना चाळण लावण्यासाठी आयोगाने २०१८ च्या अखेरीस 'केअर' यादीची योजना केली, आणि २०२५ मध्ये ती यादी बंद करून चांगल्या-वाईटाची पारख विद्यापीठांवरच सोपविली. म्हणजे एवढा वळसा घालून प्रश्न पुन्हा मुलाखत घेणाऱ्यांच्या टेबलावर येऊन पडला आहे. जैवमाहितीशास्त्राच्या उमेदवारांना तो अधिक बोचणार. पुणे विद्यापीठात या विषयाचे केंद्र १९८७ पासून आहे आणि विषाणूंच्या माहितीचे संकलन तेथे पुष्कळ झाले. असे संकलन चालू ठेवणे, चुका काढणे, नवी भर घालणे हे वर्षानुवर्षांचे काम असते आणि दर वर्षी त्याचा नवा निबंध होत नाही. असा मनुष्य आणि दुसऱ्यांची माहिती वापरून दर तीन महिन्यांनी निबंध काढणारा मनुष्य एकाच रकान्यात बसविले, तर निवड कोणाची होईल ते सांगावयास ज्योतिषी नको. दहा वर्षे हे चालले, की कोशाची निगा राखावयास कोणी उरत नाही. आणि कोश बिघडला की त्यावर उभे असलेले सारे निबंध बिघडतात.

उपाय नवा नाही. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे पेशी-वैज्ञानिकांच्या परिषदेच्या वेळी काही संपादक आणि संशोधकांनी एक जाहीरनामा तयार केला. निबंध कोणत्या नियतकालिकात छापला यावरून माणसाची पारख करू नये, आणि निबंधांबरोबर माहिती-संच व संगणक-कार्यक्रम यांनाही संशोधन म्हणूनच मोजावे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. त्यावर सह्या पुष्कळ झाल्या आहेत. सह्यांपुढे जाऊन प्रत्येक निवड-समितीला तीन गोष्टी करता येतील, आणि त्यांना सरकारी हुकूम लागत नाही. उमेदवाराकडून त्याच्या दृष्टीने उत्तम असे तीनच कामे मागवावीत, मग तो निबंध असो, कार्यक्रम असो वा कोश असो, आणि समितीतल्या निदान दोघांनी ती वाचून किंवा वापरून यावे. उल्लेखांचा आकडा विचारावयाचाच असेल तर तो कशाबद्दलचा, हत्याराबद्दलचा, माहितीबद्दलचा की विचाराबद्दलचा, हेही विचारावे. आणि त्याच्या कामावर आज कोण अवलंबून आहे, ते काम उद्या थांबले तर कोणाचे अडेल, हे त्याच्याकडून ऐकावे. गाण्याच्या शिक्षकाची नेमणूक करताना आम्ही उमेदवाराला बसवून घेतो, तंबोरा जुळवावयास सांगतो आणि निदान अर्धा तास ऐकतो. शास्त्रज्ञाच्या वाट्याला तेवढा तरी अर्धा तास यावा.